उपस्थात्याचा धर्म

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळ्यासारख्या गावात, जेथे एका बाजूस औद्योगिक वसाहतीतील कारखाने आणि दुसऱ्या बाजूस जांभ्याच्या सड्यावरील हापूसच्या बागा अशी दोन युगे शेजारी शेजारी नांदत आहेत, तेथे एखाद्या घरी कर्करोगाचे निदान झाले म्हणजे त्या रोगाचे नाव सहसा कोणी मोठ्याने उच्चारीत नाही. ‘मोठा आजार’ एवढेच म्हटले जाते, आणि ‘टाटाला नेलंय’ हे दोन शब्द वाडीत पोहोचले की ऐकणाऱ्यास उरलेले सर्व कळते. पुढे परळच्या त्या इमारतीत कधी कधी असा दिवस उजाडतो की, डॉक्टर रुग्णापुढे रूढ उपचाराखेरीज आणखी एक तजवीज मांडतात. ती म्हणजे एका वैद्यकीय चाचणीत, लोक जिला सरसकट ‘ट्रायल’ म्हणतात तीत, सहभागी होण्याची. कागद पुष्कळ पानांचा असतो आणि त्यावर सही रुग्णाची लागते. परंतु त्याच बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसलेली पत्नी, मुलगा, सून किंवा धाकटा भाऊ यांच्या मनात त्या घटकेस जो प्रश्न उभा राहतो, तो केवळ औषधाचा नसतो. ज्याच्यावर आपला जीव जडलेला आहे त्याला, ज्याचा हेतू त्या एकट्याचे कल्याण एवढाच नसून अद्याप कोणासही न गवसलेले ज्ञान संपादन करणे हाही आहे, अशा कार्यात आपण जाऊ द्यावे काय? आणि जाऊ दिले तर त्याच्याविषयीच्या आपल्या ममत्वाचे काय करावे? हा प्रश्न धर्माचा आहे, आणि धर्माच्याच गांभीर्याने त्याचा विचार झाला पाहिजे, असे मला वाटते.

ज्या संस्थेच्या दारात हा प्रश्न आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबांना भेटतो, तिच्या मुळाशीच एका निकटच्या माणसाचा शोक आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी पुढल्याच वर्षी निवर्तले. आणि त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, जे १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. कोकणाच्या दृष्टीने हे परळ परके कधीच नव्हते. रत्नागिरी जिल्ह्यातील घराघरांतून कापडगिरण्यांत गेलेले चाकरमानी परळ-लालबागच्या चाळींतच राहत असत, आणि गावाहून कोणी आजारी माणूस घेऊन आला म्हणजे दहा बाय बाराच्या त्या खोलीत त्याच्यासाठी एक पथारी अधिक पडे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, आणि त्या पथारीचा आधार अनेकांच्या बाबतीत सुटला. आज सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या कुटुंबास दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी जागा मिळाली तर ते स्वतःस भाग्यवान समजते. ज्यांना ती मिळत नाही त्यांचे अंथरूण रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर पडते. चाचणीचा विचार करताना ही वस्तुस्थिती विसरता कामा नये. संमतीची सही एका व्यक्तीची असते. परंतु ती निभावण्यासाठी रजा खर्ची पडते ती मुलाची, दागिना गहाण पडतो तो सुनेचा, आणि कलमांची फवारणी राहून जाते ती साऱ्या घराची.

चाचणीतील जी गोष्ट या कुटुंबाच्या मनास सर्वांत अधिक टोचते, ती औषधाची नवलाई नसून गटांची वाटणी ही होय. दोन उपचारांपैकी सरस कोणता हे ठाऊक नसते तेव्हा रुग्णांचे दोन गट करावयाचे, आणि कोणी कोणत्या गटात जावे हे डॉक्टरांच्या मर्जीवर, रुग्णाच्या ऐपतीवर किंवा नातेवाइकांच्या वशिल्यावर न सोपविता निव्वळ यदृच्छेवर सोपवावयाचे, ही पद्धत क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटनमधील चाचणीचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले तेव्हापासून वैद्यकात प्रतिष्ठा पावली. ‘कॉम्प्युटरनं काय ते ठरवलं’ असे घरी फोनवरून सांगितले जाते, आणि ऐकणाऱ्या वृद्ध आईच्या मनात सहजच कौलाची आठवण जागी होते. ग्रामदेवतेपुढे गुरवाने प्रश्न मांडावा, पाषाणास लावलेल्या कळ्या उजवीकडून पडतात की डावीकडून हे सर्वांनी श्वास रोखून पाहावे, आणि जो कौल मिळेल तो शिरोधार्य मानावा, ही वहिवाट कोकणी मनात खोल रुजलेली आहे. मग कौल मानणाऱ्या मनाला ही वाटणी का मानवू नये?

साम्य आहे, परंतु भेद त्याहून मोठा आहे. कौल लावणाऱ्याची श्रद्धा अशी असते की, उत्तर जाणणारा कोणी एक समोर आहे आणि आपण केवळ त्याचे मन वळवून ते विचारीत आहो; म्हणून कौल डावा पडला तर पुन्हा गाऱ्हाणे घालता येते, नवस बोलता येतो. गटांच्या वाटणीमागे असा कोणी जाणता नाही. किंबहुना, जाणता कोणी नाही याची जाहीर कबुली म्हणजेच ती वाटणी. तेथे गाऱ्हाणे ऐकणारे कोणी नाही, आणि एकदा ठरलेला गट बदलूनही मिळत नाही. श्रद्धावंतास हे प्रथम रूक्ष, कदाचित निर्दय वाटेल. परंतु थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येते की, आपले अज्ञान आडपडदा न ठेवता कबूल करणे हे स्वतःच एक धर्मकृत्य आहे, आणि चाचणीचे सारे नैतिक बळ त्या कबुलीच्या खरेपणावर अवलंबून आहे. बेंजामिन फ्रीडमन या विचारवंताने १९८७ साली हाच दंडक घालून दिला: कोणता उपचार बरा याविषयी जाणत्या वैद्यांच्या समाजात खरोखरीची अनिश्चितता असेल, तरच रुग्णांची अशी वाटणी करणे क्षम्य होय. जो वैद्य मनातून जाणतो की एक वाट उणी आहे आणि तरीही रुग्णाला त्या वाटेवर जाऊ देतो, त्याचे कृत्य कोणत्याही शास्त्राने पाप ठरेल.

गीतेने ईश्वराकडे वळणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. चाचणीच्या दालनात यांपैकी तिघे ठळकपणे उपस्थित असतात. पीडेतून सुटू पाहणारा रुग्ण हा आर्त, संशोधक वैद्य हा जिज्ञासू, आणि औषध निर्माण करणारी कंपनी ही उघडपणे अर्थार्थी. चौथे आसन मात्र रिकामे असते, कारण ज्ञान अजून यावयाचे आहे. तिघांचे हेतू भिन्न असूनही एका कार्यात ते एकत्र येऊ शकतात, यात गैर काही नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा जिज्ञासूचा किंवा अर्थार्थ्याचा हेतू आर्ताच्या हेतूचे वस्त्र पांघरून त्याच्यापुढे येतो, आणि रुग्ण असे समजू लागतो की येथे जे जे केले जात आहे ते ते केवळ माझ्यासाठीच आहे. पण या चौघांत न बसणारा एक पाचवा तेथे बाकावर बसलेला असतो. तो स्वतः रोगी नाही. ज्ञानाची त्याला ओढ नाही. अर्थ तर तो गमावूनच आलेला असतो. तो दुसऱ्याच्या पीडेने आर्त आहे. त्याचे स्थान कोणते?

याचे उत्तर आपल्या जुन्या वैद्यकात आहे. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रोगी, आणि या प्रत्येकाच्या अंगी चार चार गुण असावेत असे सांगितले आहे. आजच्या संमतिपत्रात वैद्य, द्रव्य आणि रोगी या तिघांची कैफियत सविस्तर येते; उपस्थाता, म्हणजे रोग्याजवळ राहून त्याची शुश्रूषा करणारा, हा चौथा पाद मात्र बहुधा अनुल्लेखित राहतो. वस्तुतः त्याच्यावाचून चाचणी एक दिवसही चालणार नाही. ताप किती चढला, उलटी केव्हा झाली, तोंडातल्या फोडांमुळे पेज तरी गेली की नाही, याची रोजनिशी तोच ठेवतो. गोळ्यांची रिकामी पाकिटे मोजून परत आणतो. रक्ततपासणीची आणि स्कॅनची तारीख चुकू नये म्हणून रात्रीची गाडी गाठतो. १९५६ साली मद्रास येथे सुरू झालेल्या क्षयाच्या सुप्रसिद्ध चाचणीत काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या गरीब घरांतच ठेवून तेच औषध देण्यात आले, आणि घरी राहिलेल्यांना येणारा गुण जवळजवळ तितकाच असतो असा निष्कर्ष १९५९ मध्ये निघाला. क्षयाच्या उपचाराची दिशा बदलणाऱ्या त्या निष्कर्षात घरच्या माणसांचे कष्ट नोंदविण्यास स्तंभ नव्हता, तरी त्यांच्यावाचून ती घरे रुग्णालयाच्या बरोबरीला आली नसती.

उपस्थात्याचे जे चार गुण चरकाने सांगितले, त्यांत शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता आणि शुचिता यांबरोबर रोग्याविषयीचा अनुराग हा एक गुण गणला आहे. हे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते. कारण चाचणीच्या वाटेवर चालणाऱ्या घराला उपदेश मिळतो तो बहुधा याच्या उलट. ‘मोह सोडा’, ‘भोग आहेत, भोगून संपवायचे’, ‘आपल्या हातात काय आहे?’ असे भेटीस येणारे सांगतात, आणि सांगणाऱ्यांचा भाव चांगलाच असतो. ज्या रत्नागिरीत १८५६ साली लोकमान्यांचा जन्म झाला, तेथे तर निष्काम कर्माचा आणि लोकसंग्रहाचा उपदेश घरच्या वाणीसारखा ऐकू येतो. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात टिळकांनी कर्मयोगाचे जे विवेचन केले, त्याचा आधार घेऊन कोणी म्हणेल की, चाचणीत सहभाग हे लोकसंग्रहाचे उत्तम उदाहरण आहे, तेव्हा घरच्यांनी फलाशा सोडून त्यास सामोरे जावे. रुग्णाने स्वतः असा संकल्प केला तर त्यापुढे मी मस्तक नमवीन. परंतु हा संकल्प त्याच्या वतीने दुसऱ्या कोणास करता येत नाही. यज्ञात आहुती देताना ‘हे माझे नव्हे’ असा त्याग यजमानाने करावयाचा असतो, आणि जे आपले असते त्याचाच त्याग संभवतो. रोग्याचा देह हा उपस्थात्याच्या मालकीचा नाही. त्या देहाचे मुखत्यारपत्र प्रेमानेही मिळत नाही. म्हणून ‘बाबांनी लोकांसाठी एवढे केलेच पाहिजे’ असे मुलाने म्हणणे जितके अधर्म्य, तितकेच ‘मी तुमच्यावर प्रयोग होऊ देणार नाही’ असे त्यांच्या इच्छेविरुद्ध बजावणेही अधर्म्य. दोहोंत दुसऱ्याच्या आयुष्याचा फैसला आपल्या हाती घेतला जातो.

मग उपस्थात्याचे स्वतःचे कर्तव्य कोणते? माझे म्हणणे असे आहे की, त्याने ममत्व सोडू नये. तेच त्याचे कर्तव्य आहे. समत्व हा पद्धतीचा गुण आहे. सर्व रुग्णांस सारखे लेखले, कोणासाठीही तराजू झुकविला नाही, तरच हाती येणारे ज्ञान विश्वासार्ह ठरते. पण अशा समदृष्टीच्या कार्यात प्रत्येक रुग्णापाशी असा एक तरी माणूस उभा असावा लागतो, की ज्याच्या लेखी हा रुग्ण शेकड्यातला एक नसून एकमेव आहे, जो वेदना असह्य झाल्याचे इतरांच्या आधी ओळखतो, आणि ‘आता पुरे’ असे रुग्णास म्हणावेसे वाटत असता भिडेने तो गप्प राहिला तर त्याला बोलते करतो. चाचणीतून केव्हाही, कारण न देता, बाहेर पडण्याचा हक्क कायद्याने रुग्णास दिलेला आहे. तो हक्क प्रत्यक्षात वापरता येतो तो बहुधा शेजारी असा कोणी उभा असल्यामुळे. समत्वास जर ममत्वाचा पहारा नसेल तर त्याचे पर्यवसान निष्ठुरतेत होण्यास वेळ लागत नाही, आणि ममत्वास समत्वाचा आदर नसेल तर जगात कोणत्याही उपचाराची पारख होणार नाही. या दोन धर्मांनी एकमेकांस आपल्यासारखे करू पाहू नये. एकाच खाटेच्या दोन बाजूंस त्यांनी उभे राहावे.

हे तत्त्व किती कठीण प्रसंगी कसोटीस लागते, याचे उदाहरण टाटा स्मारकातच घडले. तंबाखूच्या व्यसनाने ग्रासलेल्या आपल्या देशात मुखाचा कर्करोग विपुल. आणि तो आरंभीच्या अवस्थेत असता, मानेत गाठ हातास लागत नसली तरी मुखाबरोबर मानेतील ग्रंथीही त्याच वेळी काढाव्यात, की गाठ दिसू लागेपर्यंत नजर ठेवून थांबावे, याविषयी शल्यचिकित्सकांत अनेक वर्षे मतभेद होता. दोन्ही पद्धती रूढ होत्या, दोहोंच्या बाजूने जाणती माणसे होती. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात रुग्णांची दोन गटांत वाटणी करून हा वाद सोडविला. पहिल्या ५०० रुग्णांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले: तीन वर्षांनंतर, ज्यांची मान प्रथमच शस्त्रक्रियेने साफ केली त्यांतील ८० टक्के हयात होते, आणि ज्यांच्या बाबतीत थांबण्याचे धोरण पत्करले त्यांतील ६७.५ टक्के. आज जिल्ह्याच्या कोणत्याही गावातून जिभेवरचा व्रण घेऊन परळला गेलेल्या माणसास या उत्तराचा लाभ आपोआप मिळतो.

पण दुसऱ्या गटातील ज्या रुग्णाचा अंत झाला, त्याच्या पत्नीचा विचार करावा. तिला पुढे कधी हे आकडे कळले तर ती म्हणेल, ‘त्या दिवशी मी त्यांना सही करू दिली नसती तर?’ तिला प्रारब्ध सांगून गप्प करणे हा अपुरा धर्म आहे. तिला जे सांगावयास हवे ते हे, की ज्या ज्ञानाच्या आधारे ती आज स्वतःस दोषी धरते, ते ज्ञान त्या दिवशी पृथ्वीवर कोणापाशीच नव्हते. ते तिच्या पतीच्या आणि त्याच्यासारख्या इतरांच्या आयुष्यातून निर्माण झाले. चाचणीबाहेर राहूनही त्यांच्या वाट्यास तीच थांबण्याची पद्धत आली असती, असा पुरा संभव होता. म्हणून अपराधाचा भार तिच्यावर नाही. दुःख मात्र आहे, आणि कोणत्याही लोकसंग्रहाच्या युक्तिवादाने ते उणे करू पाहू नये. गीता कोणत्याही कर्माच्या सिद्धीस पाच कारणे सांगते आणि त्यांत दैव हे केवळ पाचवे ठेवते. त्या पत्नीने आपल्या वाटचे कारण पुरेपूर सांभाळले होते, एवढी रुजुवात तरी समाजाने तिच्या नावे घातली पाहिजे.

ममत्वाचा पहारा नसतो तेव्हा काय होते, याचा वाद आपल्याच राज्यात होऊन गेला आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्यास आता धाराशिव म्हणतात, १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणीच्या पद्धतींची तुलना करण्यात आली. १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तीत होत्या, आणि २००९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षाने एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने मृत्यू घटतात हे जगास दाखविले. परंतु तुलनेसाठी एका गटातील गावांत तपासणी केलेली नव्हती, आणि यावर आक्षेप घेतला गेला की तपासणीचा उपयोग अन्य देशांत सिद्ध असता त्या स्त्रियांस वंचित का ठेवले. समर्थकांनी उत्तर दिले की त्या काळी या गावांत अशी कोणतीच सोय नव्हती, आणि परवडेल अशी सोय कोणती हेच शोधावयाचे होते. या वादाचा निर्णय मी येथे देत नाही. एवढेच म्हणतो की, निरोगी स्त्रीपाशी कोणी उपस्थाता नसतो, तिच्या वतीने बारकाईने प्रश्न विचारणारे घरचे माणूस नसते. म्हणून अशा ठिकाणी अज्ञानाच्या कबुलीचा खरेपणा तपासण्याची जबाबदारी शतपटीने वाढते.

उलट, चाचणीतील प्रश्न जेव्हा घरच्यांच्याच तोंडचा असतो तेव्हा ती किती धर्म्य होते, हेही टाटा स्मारकाने दाखविले आहे. निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागविणारे औषध पूर्ण मात्रेत घेणे सामान्य घरास स्वप्नातही शक्य नसते, आणि ‘थोडं थोडं दिलं तर नाही का चालणार?’ हा प्रश्न खर्चाने खचलेले नातेवाईक विचारीतच असतात. मुख आणि गळ्याच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांत, प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम औषध स्वस्त गोळ्यांच्या जोडीस देऊन पाहण्यात आले. २०२२ मध्ये जाहीर झाले की एका वर्षाने जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. दारिद्र्यातून उपजलेल्या प्रश्नास शास्त्राने अशा रीतीने मान दिला, ही मी फार मोठी गोष्ट समजतो.

आता कर्तव्य राहते ते समाजाचे. वैद्यकीय चाचण्यांसंबंधी २०१९ मध्ये जे केंद्रीय नियम झाले, त्यांत चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार आणि भरपाई यांची हमी आहे. आणि नीतिसमितीत सामान्य नागरिक, स्त्री आणि कायदेपंडित यांखेरीज समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ, नीतिज्ञ किंवा धर्मशास्त्रज्ञ यांसारख्या एका स्वतंत्र सभासदासाठीही आसन राखलेले आहे. राज्यकर्त्यांनी धर्मचिंतकास या दालनात बोलाविले आहे, तेव्हा त्याने तेथे जाऊन प्रथम उपस्थात्याची बाजू मांडावी. संमतीची बोलणी होत असता, रुग्णाची इच्छा असल्यास, त्याच्या घरच्या माणसालाही खुर्ची द्यावी. प्रवास, निवास आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब घराच्या बाजूने मांडावा. आणि शेवटी, जे आज क्वचितच घडते ते नियमाने घडावे: निष्कर्ष हाती आला म्हणजे तो त्या घरी कळवावा. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात सहभागी व्यक्तीस निष्कर्ष जाणून घेण्याची मुभा असावी असे म्हटले आहे. परंतु ती व्यक्तीच उरली नसेल तर तो अधिकार तिची शुश्रूषा करणाऱ्यांकडे यावा, असे मी आग्रहाने म्हणेन.

कारण आपल्या परंपरेने मनुष्यावर जी ऋणे सांगितली, त्यांत ऋषिऋण हे ज्ञानाचे ऋण आहे. ज्यांच्या तपाने विद्या आपल्यापर्यंत आली त्यांचे ते ऋण, आणि ते शिकून व शिकवून फेडावयाचे. चाचणीत देह घातलेला रुग्ण आणि त्याच्या उशापायथ्याशी जागलेली त्याची माणसे यांचे ऋण याच जातीचे आहे. घरात तेरावे होते, वर्षश्राद्ध होते, आणि पुढे कित्येक वर्षांनी कुठल्यातरी दूरच्या नियतकालिकात त्या रुग्णाच्या दिवसांचा अर्थ छापून येतो; तो अर्थ मिरजोळ्याच्या त्या घराच्या पत्त्यावर, मराठीत, दोन पाने स्वच्छ लिहून रवाना करणे यास फार द्रव्य लागत नाही. ज्यांच्या अनुरागावर आपण ज्ञानाची इमारत उभारली, त्यांना ते ज्ञान काय निघाले हे सांगणे ही भूतदया नाही, ती परतफेड आहे. आणि ती चुकती होईपर्यंत कोणत्याही चाचणीचे दप्तर पुरे झाले असे मानू नये.